तेरा दिवस अगोदर

मोल्दोवातल्या या गावात आज पंचवीस डिसेंबर
म्हणजे नुसता बुधवार, सरकारनं सुट्टी दिली तरी.
विहिरीच्या साखळीला बर्फ धरलाय.
कोंबड्यांना दाणे टाकून पोरं केंद्रात आली,
दारात बूट आपटत दोरू म्हणाला,
"तुझा जन्मला म्हणे. आमचा यायचाय अजून. सात तारखेला."
मी म्हटलं, बरं झालं, मला दोनदा मिळेल.

खोबरं मिळालं नाही. अक्रोड कुटले, रवा भाजला,
भिंतीतल्या भट्टीपाशी टेबल ओढलं
आणि करंज्या करायला बसलो, अकरा जण.
"हे तर आमचेच कोल्त्सुनाश," वासिलिका म्हणाली,
"फक्त तू ते तळतेस."

हात चालू असताना गोष्ट सांगायची, असं ठरवून आले होते.
माझी भाषा अजून लंगडते.
गव्हाणीचा शब्द आठवेना, घोड्याची बादली म्हटलं,
सगळे हसले.
मग तारा, मग मेंढपाळ
(मेंढरं त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक),
इथवर ठीक.

इलिंका नऊ वर्षांची.
तिची आई बोलोन्यात एका म्हातारीला आंघोळ घालते,
औषधं देते, रात्री तिच्याच खोलीत झोपते,
रविवारी फोन करते.
मान वर न करता इलिंकानं विचारलं,
"मग मरीया कामावर परत कधी गेली?"

गेली नाही, म्हटलं. म्हणजे, गेली.
दूर मिसर देशात जावं लागलं, रातोरात.
"आणि बाळ? आजीकडे?"

काय सांगू. लिहिलंय ते लिहिलंय.
"बाळाला घेऊन गेली."

भट्टीत लाकूड फुटलं.
दोरू उगाच मोठ्यानं शिंकला.
इलिंका काट्यानं करंजीची कड दाबत राहिली,
इतकी, की सारण बाहेर आलं.

दुपारी आईचा फोन आला, माझ्या आईचा,
साडेतीन तास पुढून, चर्चमधून आल्या आल्या.
"पोरांना सांगितलीस ना गं गोष्ट?"
सांगितली, म्हटलं. तुझ्यासारखी जमली नाही.
मी कधी येणार, ते तिनं विचारलं नाही.

निघताना इलिंकानं एक करंजी रुमालात बांधली,
आईसाठी. बस चार तारखेला येईल, आली तर.
तोवर खिडकीबाहेर ठेवणार, गोठू दे म्हणे.
फाटकापाशी थांबली, वळली.
"उद्या परत सांग.
पण मिसरपाशी घाई करू नकोस.
तिनं त्याला कसं धरलं होतं, ते सांग."