पोहणे : श्रेणी

आठवीच्या प्रगतिपुस्तकात, शा. शि.च्या खाली
कवायत, लंगडी, दोरीवरच्या उड्या,
आणि शेवटच्या ओळीत, छापील : पोहणे.
शुक्रवार पेठेतल्या आमच्या शाळेत पाण्याच्या नावानं दोन नळ,
त्यातला एक मुख्याध्यापकांच्या खोलीमागं.
पंचगंगा पुरात शाळेच्या तिसऱ्या पायरीपर्यंत यायची,
पण तेव्हा शाळेला सुट्टी.

इंगवले सर व्हरांड्यात बाक मांडायला लावायचे.
पोटावर झोपा. पाणी आहे असं समजा.
आम्ही समजायचो.
चाळीस पोरंपोरी लाकडावर पालथी,
हात मारत, पाय मारत,
खिशातले शेंगदाणे चिरडत,
आणि सर शिट्टी फुंकत मधनं चालत जायचे
कोरड्या पायांनी :
श्वास डावीकडं! तोंड मिटा, नाकात जाईल!
नाकात जायची
ती खडूची धूळ.

बसवराज गवळी बाकावर झोपायचाच नाही.
पहाटे अकरा म्हशी धुऊन यायचा घाटावर,
केस ओले, कानात वाळू,
दप्तरालासुद्धा नदीचा वास.
भिंतीला टेकून म्हणाला एकदा,
"हे काय पवणं हाय व्हय, सर?
ह्यात बुडायचंच न्हाई."
वर्ग हसला. सर नाही हसले, रागावलेही नाहीत,
शिट्टी उगाच रुमालानं पुसत राहिले.
वर्षाअखेर त्याला क.
कॅनव्हासचे बूट नव्हते, शिवाय उलट बोलतो.
मला अ.
मी बाकावर फार सुरेख पोहायचे.

घटस्थापनेच्या आधीचा रविवार.
आईबरोबर गोधड्या घेऊन घाटावर गेले होते.
गोधडी भिजली की माणसाएवढी जड होते,
दोघींनी दोन टोकं धरून पिळायची.
पिळता पिळता दिसलं :
म्हशींच्या पलीकडं, कमरेइतक्या पाण्यात,
पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधलेले
इंगवले सर.
आणि त्यांच्या पोटाखाली तळहात धरून
बसवराज.
"पोट वर घ्या, सर. आकडू नका.
पाण्यावर भार टाका. मी हाय न्हवं."
तो चौदाचा. सर पन्नाशी ओलांडलेले.
सरांनी पाणी प्यालं, ठसकले, परत आडवे झाले.
गळ्यात शिट्टी तशीच होती,
श्वास सोडला की बुडबुडे वाजायचे तिच्यातनं.
त्यांनी मला बघितलं.
आई म्हणाली, "कोण गं ते?"
मी म्हटलं, "असंल कोणतरी म्हशीवाला."

सोमवारी पुन्हा बाक.
पाणी आहे असं —
पुढचा शब्द सरांनी गिळला,
किंवा मला तसं वाटलं.
बसूचा क तसाच राहिला. मी मुद्दाम त्याचं पुस्तक उघडून पाहिलं होतं.
नववीत तो आलाच नाही.

आता तो रकाना माझ्याकडं आहे.
संगणकावर आहे, यादीतनं अक्षर निवडायचं.
शुक्रवारचा सातवा तास शा. शि.,
गणिताच्या हुल्याळकर बाई दारात येतात,
"पोर्शन राहिलाय हो, देता का?"
मी देते.
आयांच्या चिठ्ठ्या येतात, व्यवस्थित घडी घातलेल्या :
हिचे केस लवकर वाळत नाहीत.
हिला सर्दीचा कोठा आहे.
हिला आता पाठवत नाही, समजून घ्यावे.
समजून घेते. आम्हाला तेवढंच शिकवलंय.
सगळ्यांना ब देते. ब दिला की कोणी भांडायला येत नाही.

गेल्या महिन्यापासून मात्र
दुपारी तलावावर जाते, बायकांच्या बॅचला,
कोणाला न सांगता.
अडीच फूट पाणी. हातात सळई.
शिकवणारी पोर एकोणीसची असेल,
"मॅडम, सोडा की आता. पाय तर किती छान चालतात तुमचे!"
चालतात.
श्वास डावीकडं, तोंड मिटलेलं,
सगळं अ श्रेणीचं.
फक्त खाली हात घालून बघते अधूनमधून,
बाक लागत नाही.