उभ्याला मारायचं नाही

नियम कुठं लिहिलेला नव्हता.
उभ्याला मारायचं नाही, एवढंच.
उभा म्हणजे लाईट गेलेली असणार,
नाहीतर मागावर धागा तुटून
पोरगं मोबाईल खोक्यावर टाकून पळालं असणार.
साखर पेठेत रात्रपाळीला
आम्ही सगळे असेच खेळायचो,
एका कानात इयरफोन, दुसऱ्यात खटखट.

त्या रात्री शेवटचे दोघंच उरलो.
तो विहिरीपाशी उभा, पाठमोरा,
बंदूक खाली.
मला दिसत होतं.
अंधार होता, घाई झाली, असलं काही सांगणार नाही.
दिसत होतं.

धागा तुटला की माग आपसूक थांबतो.
माझं बोट थांबलं नाही.

पहाटे डबे उघडले तेव्हा
अंबादास गुंडेटी म्हणाला,
पट्टा निसटला होता रे,
आणि शेंगाचटणी नेहमीसारखी
अर्धी माझ्या भाकरीवर ओतली.
तिखट होती. मी पाणी मागितलं नाही.

आता रोज, वर्तुळ आवळत आलं की
मी उघड्यावर जाऊन उभा राहतो,
त्याच विहिरीपाशी, पाठ करून.
पावलं ऐकू येतात. त्याचीच.
तो एकदा गुडघ्यात वाकतो, सरळ होतो.
झाडत नाही.
बोलत नाही.
जातही नाही.

निळी भिंत येते, दोघांना गिळते.
जिंकतं कुणीतरी तिसरंच,
कुठल्या गावचं, ठाऊक नाही.
त्याला वाटत असेल,
ही पोरं खेळायला
शिकलीच नाहीत अजून.