श्वास रोखून धरा

आठ वाजता शेवटचा पेशंट गेला, कुणाचा तरी गुडघा.
मग मागच्या दारानं, म्युझियमच्या व्हॅनमधून
तिला आणलं.
प्रेस्टनच्या या हॉस्पिटलात तीस वर्षं
स्ट्रेचर ढकलणारा डेनिस
पहिल्यांदाच टोपी काढून उभा राहिला.

मशीनला आधी जन्मतारीख लागते.
एकोणीसशेच्या मागचं ते काही घेत नाही.
टाकलं एक जानेवारी एकोणीसशे,
मधली सव्वीस शतकं गिळली.
नाव? शवपेटीवर नुसतं 'ता',
पुढचं खरवडून गेलेलं.
'ता' म्हणजे बाईमाणूस, ऑड्री म्हणाली, एवढंच.
मी रकान्यात लिहिलं: ती.

टेबल आत सरकलं. रेकॉर्ड केलेला आवाज
बंद करायचा राहूनच गेला.
श्वास घ्या. रोखून धरा.
डेनिस हसला,
आणि मग एकदम गप्प झाला.

पडद्यावर ती काप-काप उलगडत गेली.
कवटी रिकामी. नाकातून आकडी घालून
मेंदू काढून टाकत, बिनकामाचा म्हणून.
पोटात भुसा, नदीचा गाळ.
खालच्या दाढेशी गळू,
ठणकत असणार रात्र-रात्र.
आणि डावीकडे, सुकून खारकेएवढं झालेलं
काळीज. ते मात्र जागच्या जागी.
पलीकडे तराजूत घालतात म्हणे,
दुसऱ्या पारड्यात एक पीस.

पट्ट्या घरातल्याच, जुन्या चादरी फाडून केलेल्या.
हे बघ, ऑड्रीनं बोट ठेवलं, इथे रफू आहे.
कुणीतरी केलं होतं,
अजून वर्षभर जाईल म्हणून.

आमच्यात काही ठेवत नाहीत.
बाबांच्या वेळी पडदा सरकला,
पुढच्या कुटुंबाची गाडी बाहेर उभीच होती.
दहाव्याला रिबलच्या काठी
डब्यातला भात काढून ठेवला मी.
कावळे होते, चांगले लठ्ठ,
लोकांच्या चिप्सवर पोसलेले.
जे जे बाबांचं राहिलं असेल ते ते कबूल केलं,
आईला बघेन, घर विकणार नाही,
दादाशी बोलेन.
साडेतीन तास. बोटं बधिर.
एकही शिवला नाही.
फोनवर आईला म्हटलं, शिवला गं,
लगेच शिवला.

या खोट्याचं वजन किती असेल?
कुठल्या कापात दिसेल ते,
माझ्या?

श्वास सोडा, आवाज म्हणाला.
कॉम्प्युटरनं विचारलं, पुढची अपॉइंटमेंट?
मी रकाना कोरा ठेवला.
डेनिसनं तिच्यावर ब्लँकेट ओढलं,
पायांशी नीट खोचलं, आणि दारातून नेताना
सगळ्यांना म्हणतो तसंच म्हणाला,
बाहेर गारठा आहे हं, बाई.