मोकळा सोडलेला माणूस

टोलेडोत, होलिसच्या सलूनमध्ये,
मानेवर वस्तरा असताना मला हमखास विचारतात:
पेटवे भारी, की हॅव्हरकॅम्प?
वस्तरा असताना मान हलवता येत नाही,
हो म्हणायला नाही, नाही म्हणायलाही नाही.

तुम्ही त्यांना वरून पाहिलंत,
टीव्हीत, बिअरच्या फेसाआडून.
मी पाहिलं हेल्मेटच्या जाळीतून,
दोन हातांवरून.

ऑप्शन म्हणजे काय, सांगतो.
त्यांचे धिप्पाड गडी आमच्या सगळ्यांना भिडतात,
एकाला मात्र सोडतात. मुद्दाम.
तो एक मी.
अकरा वर्षं मी तो मोकळा सोडलेला माणूस.
पहिल्यांदा वाटलं, विसरले मला,
दार उघडं दिसल्यासारखा आत धावलो,
आणि चेंडू माझ्या पाठीमागून निघून गेला.

पळणाऱ्याच्या पोटाशी चेंडू टेकवून
क्वार्टरबॅक थांबतो. अर्धा श्वास.
मला वाचत असतो.
मी आत वळलो, तर चेंडू तो स्वतःकडेच ठेवतो
आणि बाहेरून पसार.
मी जागेवर राहिलो, तर चेंडू त्या दुसऱ्याला,
आतून चार यार्ड.
इकडे आड, तिकडे विहीर.
कोच बोन्हॅम म्हणायचे, दोन्ही अडव.
कोच बोन्हॅम कधी खेळले नव्हते.

हॅव्हरकॅम्प आयोवाचा, मक्याच्या शेतातला.
मला वाचायचा तो बोट ठेवून,
पहिलीतल्या पोरासारखा.
ओठ हलायचे त्याचे, खोटं नाही सांगत.
पण एकदा कळलं की कळलं:
गुडघे छातीपर्यंत उचलत यायचा, सरळ,
ट्रॅक्टरला वळणं आवडत नाहीत.
बफेलोच्या बर्फात त्यानं ही करंगळी
अशी करून ठेवली. बघा.
वर सॉरी म्हणाला.

पेटवे.
(इथं होलिस वस्तरा उचलून धरतो.)
पेटवेचे डोळे झोपाळू. वाटायचं, लक्षच नाही.
तोंडाकडे तो बघत नसे, खांद्यांकडेही नाही.
कंबर बघायचा.
खांद्यांना खोटं बोलायला शिकवता येतं,
कंबरेला कुणी अजून शिकवलेलं नाही.
माझं ठरायच्या आधी त्याला कळलेलं असे.
एकदा मी ठरवलंच, काही ठरवायचं नाही,
खांबासारखा उभा राहिलो.
त्यानं तेही वाचलं. बासष्ट यार्ड.
रात्री फोनवर आई म्हणाली,
छान खेळला गं बाई तो मुलगा.

खुर्च्यांवरची पोरं मोबाइलवर आकडे काढतात:
ह्याचे धावेमागे पाच पूर्णांक आठ यार्ड,
त्याचे पाच पूर्णांक एक.
असतील.

मग बोन्हॅमनी नवा हुकूम काढला:
चेंडू कुणाकडेही असो, तू क्वार्टरबॅकला पाड.
दरवेळी. नियमात बसतं.
मग माझ्यात वाचण्यासारखं काही उरलंच नाही.
डेट्रॉइटला, छताखाली, तिसऱ्या क्वार्टरमध्ये
चेंडू केव्हाच दुसऱ्याकडे गेला होता.
साठ हजार माणसं त्या चेंडूकडे बघत होती.
आवाज फक्त मी ऐकला,
मी त्याच्या अंगावर होतो.
त्या मोसमात मी वाचलो. करार वाढला, दोन वर्षांनी.

गेल्या मार्चमध्ये क्लीव्हलँडला, हाडांच्या दवाखान्यात,
अरुंद बोळातून काठी टेकत पेटवे आला.
मी डावीकडे सरकलो, तोही तिकडेच.
मी उजवीकडे, तोही.
दोघं थांबलो.
त्यानं खाली पाहिलं, माझ्या कंबरेकडे,
नवी आहे, टायटॅनियमची.
"हिच्यावरून आता काही कळत नाही रे," म्हणाला,
आणि भिंतीला पाठ लावून
मला मोकळं सोडलं.

मी गेलो. काय करणार?
लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर
मागे वळून बघायचं धाडस झालं नाही.

तर, कोण भारी?
होलिस, हा डावा कल्ला जरा वर राहिलाय बघ.