पायताण

सुभाषनगरात व्हटकरांच्या दुकानात
आप्पांचे पाय अजून आहेत.
वहीच्या कागदावर, पेन्सिलीनं काढलेले.
डाव्याला करंगळी नाही.
मी जन्मायच्या आधी उद्यमनगरात
लाडलमधून सांडलेलं लोखंड
थेंबभर तिथं थांबलं होतं.

ईश्वर व्हटकर म्हणाले, "सोमवारी न्या म्हटलेलं.
वाट बघितली."
"सोमवारी आम्ही पंचगंगेवर होतो."
त्यांनी पायताण पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.
उरलेले पैसे घेतले नाहीत
आणि कागद फाडला नाही.

आई म्हणते, बाराव्याला देऊ.
गुरुजींनी सांगितलंय, वर्षभराची वाट,
तापल्या वाळूतून जावं लागतं,
इथं दिलेलं तिथं त्यांच्या पायात येतं.
मी आठवीला विज्ञान शिकवते.
आणि वाळूचं म्हणाल तर
बत्तीस वर्षं ते वाळूतच उभे होते.
साचा मोडायचा, वाळू चाळायची,
पाणी मारून पुन्हा साचा भरायचा.
"वर काय बी न्हाई गं," म्हणायचे,
"आन् असलंच तर थितं बी पाळी लागणार."

पण नवं पायताण चावतं.

एवढं मला माहीत आहे.
प्रत्येक नवा जोड आठ दिवस त्यांना लंगडं करायचा,
रात्री शेंगतेलाचा बोळा,
सकाळी टाचेला नवा फोड.
वाट असेल, नसेल.
असलीच तर वर्षभराची,
आणि पहिल्याच कोसाला फोड?

म्हणून मी घातलं.
पाय मला त्यांचेच आलेत, फताडे,
लग्न ठरताना त्यावरून बोलणीही झाली होती.
आईनं बघितलं. बोलली नाही.
तेलाची वाटी उंबऱ्याशी सरकवून आत गेली.

रंकाळ्याला दोन फेऱ्या.
दुसऱ्या दिवशी तीन.
करकर, करकर, गंगावेशीतून उलटं घरी.
कपिलतीर्थ मंडईत वांगीवाली म्हणाली,
"बाप्याचं घातलंईस की गं!"
"वडलांचं आहे. मऊ करून द्यायचंय."
"कुठं निघाल्यात?"
मी अर्धा किलो वांगी घेतली,
घरात दोन किलो पडलेली असताना.

नवव्या दिवशी चामडं नमलं.
फोड आला तो फक्त डाव्या करंगळीला.
व्हटकरांनी डावं त्या बाजूनं आत घेतलेलं,
तिथं बोटाला जागाच नव्हती.
पायरीवर बसून मी ते लाल बोट धरलं
आणि रडले.
कावळा शिवला तेव्हा रडले नव्हते,
शेणी पेटल्या तेव्हाही नाही.

बाराव्याला गुरुजींनी उलटंपालटं करून बघितलं.
"वापरलेलं दिसतंय."
"हो," आई म्हणाली, "मुद्दाम."
त्यांचा पाय लहान. राधानगरीच्या भाच्याला होईल म्हणाले.
त्या रात्री आई घोरली, बारा दिवसांत पहिल्यांदा.
मी जागी. वाळू किती अंशांवर तापते
याचा विचार करत.

मार्गशीर्षात रंकाळा स्टँडवर
गर्दीतून करकर ऐकू आली.
मी खालीच बघितलं.
डावं आत घेतलेलं,
करंगळी काठावरून बाहेर लोंबत होती.

"चावत नाही ना?" मी विचारलं.
पाय थांबले. बराच वेळ.
"न्हाई. बोट तेवढं बाहेर राहतंय.
बाकी मऊ हाय."

राधानगरीची गाडी लागली.
पाय चढून गेले.
मी वर बघितलं नाही.