पोकळीचं वजन

तांबट आळीत बाराच्या सुमारास
मोरूमामाचा हातोडा थांबतो
आणि माझा लॅपटॉप सुरू होतो.
मध्ये एक कटिंग चहा.

परवा एक घंगाळ गेलं. लहान, झाड लावायचं.
अकराशे ग्रॅम पत्रा, दीड दिवस मठारकाम.
किंमत चोवीसशे.
"आले का चोवीसशे?" मामा विचारतो,
जणू गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं आहे
खिशात हात घालून.

ऐक मामा.
कमिशन तीनशे साठ.
व्यवहार पुरा झाल्याचे पन्नास.
"आणि न झाल्याचे किती?"
सांगते, थांब.
पाठवणी तीनशे दहा.
ह्या सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी,
एकशे एकोणतीस रुपये साठ पैसे.
टीडीएस दोन रुपये चाळीस.
राहिले पंधराशे अठ्ठेचाळीस.
त्यातून तांब्याचे हजार पंचेचाळीस,
खोका आणि फुग्यांचं प्लास्टिक पंच्याऐंशी.

चारशे अठरा.
तेही आज नाहीत.
माल पोचल्यावर सात दिवस,
मग जो बुधवार येईल तो,
आणि बुधवारी बँकेला सुट्टी असली
तर आपलं नशीब.

मामा खडूने फरशीवर लिहीत होता.
तीनशे दहापाशी अडला.
"सव्वा किलो, खोक्यासकट. मी तोललंय."

ते तोलत नाहीत मामा, मापतात.
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची
भागिले पाच हजार.
पस्तीस, पस्तीस, तीस.
साडेसात किलो लागले.

"वरचे सव्वासहा कसले?"

हवा.

मामा बराच वेळ काही बोलला नाही.
शेजारी कुणीतरी पातेलं घासत होतं, तेवढंच.
एक्कावन्न वर्षं हा माणूस
सपाट पत्र्याला समजावत आलाय,
जरा आत हो, अजून जरा,
पाणी मावेल एवढी जागा दे.
पत्र्याचे पैसे लावले त्याने, मजुरीचे लावले,
आतल्या जागेचे कधी नाही.
ती वस्तूबरोबर जायचीच.

"हवा कसब्यातली," तो शेवटी म्हणाला,
"आणि भाडं त्यांना?"

मागच्या महिन्यातलं मी त्याला सांगितलं नव्हतं.
जबलपूरहून एक हंडा परत आला,
कारणाच्या रकान्यात लिहिलेलं:
मालावर सगळीकडे पोचे.
जाण्याचं भाडं आपलं, येण्याचंही आपलं.
त्या बुधवारी रकमेच्या आधी
एक आडवी रेघ होती,
उणे दोनशे सहा.
मी म्हटलं, माप चुकलं गिऱ्हाइकाचं.
मामाने हंडा उचलून उन्हात धरला,
ओळीने बसलेल्या ठोक्यांवरून अंगठा फिरवला
आणि काही न विचारता फळीवर ठेवला.
चिठ्ठी खोक्यातच होती. 
त्याने वाचली असेल का, माहीत नाही.

आज मात्र चहा अर्धा टाकून उठला.
मोठं घंगाळ काढलं, त्यात मधलं,
मधल्यात धाकटं, मध्ये तागाचं फडकं.
बायका भांडी रचून ठेवतात तसं,
पण जोरात, रागाने.
"आता माप."

पस्तीस, पस्तीस, तीस.
तेच साडेसात. तेच तीनशे दहा.
तीन नग.
कमिशन तिन्हींवर लागेलच, म्हटलं,
आणि तिन्ही घेणारं कोणी भेटायला हवं.
"लागू दे. भेटेल."

मी नवीन पान उघडलं. नाव लिहिलं, संच, तिघांचा.
फोटोखाली ठळक अक्षरांत टाकलं,
हे पोचे नाहीत, हातोड्याची अक्षरं आहेत.
मग 'अक्षरं' खोडलं, 'खुणा' केलं,
परतीच्या रकान्यात कविता चालत नाही.

धाकट्या घंगाळाच्या आत अजून
मूठभर जागा उरली होती.
लिंबाएवढी वाटी बसेल, मी म्हटलं,
करशील का एक?

मामा फुगलेल्या सांध्यांची मूठ आत घालून
थोडा वेळ तसाच बसला.
"नको," म्हणाला.
"एवढीचं भाडं आपण भरू."