मानशीवर

कुर्ल्या पकडायला जातो,
एवढंच घरी सांगितलं होतं
आणि साडेनऊपर्यंत ते खरंही होतं.

चोडणच्या बांधावर, मानशीच्या दगडावरून पाय सोडून
आम्ही चौघं: ऑस्विन, साईश, ग्रीष्मा, मी.
जाळीत बांगड्याचं डोकं,
दोरी ऑस्विनच्या अंगठ्याला.
कुर्ली आली की त्याला सगळ्यांच्या आधी कळतं,
बाकी सगळं सगळ्यांच्या नंतर,
हा आमचा आठवीपासूनचा विनोद.

टॉर्च पिवळा झाला, मग तांबूस, मग गेला.
मोबाईल काढायला कुणाचाच हात हलला नाही.
रायबंदरहून फेरीबोट निघाली होती,
तिचा एकच दिवा, पाण्यात लांबलेला.

"उद्या तो फॉर्म भरायचाय," ऑस्विन म्हणाला.
"भर मग."
"तू भर."
"दर वेळी मीच का रे?"
दोरी त्याने अंगठ्याला आणखी एक वेढा दिला.
"अक्षरं थांबत नाहीत माझ्यासमोर.
माझंच नाव मला
दर वेळी कुणा दुसऱ्याचं वाटतं."

साईश हसला. सवयीने. अर्धंच.
उरलेलं अर्धं कुठे ठेवावं
त्याला अंधारात सापडेना.

खाली लाकूड करकरलं. सुकती लागली होती.
काका मानस लिलावात घेतो, तो सांगतो:
हे दार कुणी उघडत नाही.
आतलं पाणी बाहेरच्याहून उंच झालं
की ते आपलं आपण सरकतं.
त्या रात्री मला हे आठवलं नाही.
आता लिहिताना आठवतंय.

मग साईश, हसण्याची भरपाई केल्यासारखा:
"बाबाचा फोन येत नाही. सात महिने झाले.
मी सांगतो ना, आज ब्राझील, उद्या नॉर्वे,
ते नकाशात बघून सांगतो.
चवथीला आईने शेजाऱ्यांना चॉकलेटं वाटली,
बाबाने पाठवली म्हणून.
म्हापशाहून आणली होती. पिशवी मीच धरली होती."

कुणी काय म्हणणार?
ऑस्विन म्हणाला, "बरी होती पण चॉकलेटं,"
आणि लगेच, "सॉरी,"
आणि साईश खरंच हसला, पूर्ण,
नाक पुसत.

मी टोपी काढली.
काळोखात काय दिसणार, म्हणून ग्रीष्माचा हात धरून
डाव्या कानाच्या वर ठेवला,
जिथे रुपयाएवढं काहीच नाही.
"कसं झालं?"
"मीच उपटते. अभ्यासाला बसले की
हात आपला आपण जातो.
नंतर वहीतले केस मोजते,
फुंकते, आणि पान उलटते."

ती "का" म्हणाली नाही.
हात काढला नाही.
खूप वेळाने म्हणाली, "माझं आज नको."
"बरं," आम्ही म्हणालो.

तीन कुर्ल्या मिळाल्या, एकीला नांगीच नव्हती.
तिला परत सोडलं.

दुसऱ्या दिवशी फॉर्म मीच भरला,
नावाच्या रकान्याशी येऊन पेन ऑस्विनला दिलं.
चार मिनिटं लागली. मागची रांग कुरकुरली,
तर साईश तिच्याकडे तोंड करून उभा राहिला
आणि सगळ्यांना विचारत सुटला,
नॉर्वेची राजधानी कोणती.

ग्रीष्मा अजून काही बोललेली नाही.
काल फक्त एवढंच विचारलं,
शुक्रवारी सुकती किती वाजता.